मुखदर्शन, पदस्पर्शदर्शन आणि यंत्रदर्शन

सन 1908 च्या जानेवारीत, सुरतेच्या काँग्रेसमधील दुफळीचा धुरळा अजून खाली बसावयाचा होता अशा वेळी, अरविंद घोष बडोद्यास आले आणि सरदार मजुमदार यांच्या वाड्यातील माडीवरच्या एका लहानशा खोलीत विष्णू भास्कर लेले नावाच्या महाराष्ट्रीय योग्यासमवेत तीन दिवस बसून राहिले. हे शहर त्यांना परके नव्हते. 1893 पासून 1906 पर्यंत त्यांनी येथेच गायकवाड सरकारची चाकरी केली होती. जमाबंदी, मुद्रांक, महसूल अशा खात्यांतील कागद उलटसुलट करून ते पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक झाले होते, म्हणजे जगाच्या भरीवपणाचा प्रत्यय माणसाला जितका सरकारी दप्तरात येतो तितका त्यांना पुरेपूर आलेला होता. लेल्यांनी त्यांना सांगितले ते एवढेच की, विचार आपल्या आत उपजतात असे समजू नका. ते बाहेरून येतात, येताना त्यांच्याकडे पाहा आणि आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, आणि समोरची माणसे, घरे, रस्ते हे सारे पडद्यावर हलणाऱ्या पोकळ आकृतींसारखे दिसू लागले. पुढे ह्या अनुभवाविषयी लिहिताना अरविंदांनी सिनेमाचाच दाखला दिला आहे. लेले स्वतः भक्तिमार्गी असल्यामुळे त्यांना हा परिणाम अपेक्षितही नव्हता आणि रुचलाही नाही. त्यांना सगुणाचा साक्षात्कार घडवावयाचा होता आणि घडला तो अद्वैत्यांच्या निर्गुणाचा.

मजुमदारांच्या वाड्यात भरीव जग पोकळ दिसले. आज डोळ्यांवर बांधावयाचे एक यंत्र बाजारात मिळते, जे पोकळ जग भरीव करून दाखवते. आभासी वास्तव, किंवा लोक सर्रास म्हणतात त्याप्रमाणे व्हीआर, ह्याचा उपयोग आता तीर्थक्षेत्रांच्या दर्शनासाठीही होऊ लागला असून काशीसारख्या ठिकाणी मंदिराच्या परिसरातच अशी दर्शनकेंद्रे निघाली आहेत. ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांनी घरच्या खुर्चीवर बसून गाभारा पाहावा, काकडआरती पाहावी, अभिषेक पाहावा. हे दर्शन झाले की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटतो. पण तो फार जुना आहे, आणि त्याची चर्चा करावयास बडोद्याइतके योग्य गाव क्वचितच सापडेल.

कारण देवाला यंत्राच्या वाटेने घरोघर पोहोचविण्याच्या उद्योगात ह्या शहराचा हात फार आधीपासूनचा आहे. दिवाण सर टी. माधवराव यांच्या मध्यस्थीने राजा रविवर्मा बडोद्याच्या दरबारी आले, आणि 1888 साली सयाजीराव महाराजांनी त्यांना पौराणिक प्रसंगांवरील चौदा चित्रांची कामगिरी सांगितली. ती चित्रे तयार होऊन आल्यावर ती पाहावयास लोकांची रीघ लागली; त्यांच्या कुंचल्याची कामे आजही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईस छापखाना काढला आणि रंगीत शिळाप्रेसवर निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या पडवीपासून वऱ्हाडातल्या माजघरापर्यंत भिंतीवर चढल्या. त्याच सुमारास, 1890 साली, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली बडोद्यास कलाभवन सुरू झाले, आणि तेथे चित्रकला व छायाचित्रण शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. फाळक्यांच्या 1917 सालच्या ‘लंकादहना’त पडद्यावर राम प्रकट झाला की प्रेक्षक हात जोडीत, पायांतली पादत्राणे काढून ठेवीत, असे त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा यंत्रातून देव येऊ शकत नाही असा निकाल आज कोणी सोवळेपणाने देऊ लागला, तर त्याला आपल्याच आजीच्या देवघरातील तसबिरीपाशी अडखळावे लागेल.

मात्र ह्या तसबिरीपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. छापखान्यातून निघाली तेव्हा ती शेकडो प्रतींपैकी एक प्रत होती. दुकानात टांगली होती तेव्हा ती विक्रीचा माल होती. मग ती पूजनीय केव्हा झाली? कोणी उपाध्यायाने तिच्यावर विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा केली असे बहुधा घडलेले नसते. घरच्या बाईने ती काचेत बसवून आणली, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली, काचेवर बरोबर कपाळाच्या जागी कुंकवाचे बोट लावले, सणावाराला हार घातला, आणि अशी वर्षे गेली. काचेवरचा तो कुंकवाचा डाग, जो खाली ओघळून चौकटीत साठून काळपट झालेला असतो, तोच त्या कागदाच्या देवपणाचा खरा दाखला होय. सारांश, चित्र कसे निपजले ह्यापेक्षा त्याची सेवा करता येते की नाही ह्यावर आपल्या लोकांनी त्याचे देवपण जोखले आहे, आणि माझ्या मते व्हीआरच्या दर्शनाचाही निवाडा ह्याच कसोटीवर झाला पाहिजे.

ही कसोटी लावण्यापूर्वी तत्त्वज्ञांनी घालून दिलेल्या हद्दी पाहून घेणे बरे. अद्वैत वेदान्ताने सत्तेचे तीन अंमल मानले आहेत: स्वप्न, मृगजळ, दोरीवरचा साप ह्यांची प्रातिभासिक सत्ता, आपल्या रोजच्या जागेपणीच्या जगाची व्यावहारिक सत्ता, आणि ब्रह्माची पारमार्थिक सत्ता. ह्या विभागणीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे, कारण तिच्यात खालच्या अंमलाला एकदम बेकायदा ठरविलेले नाही. स्वप्नातील पाण्याने स्वप्नातील तहान भागते. इतकेच नव्हे, तर ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात दुसऱ्या अध्यायातील आरंभणाधिकरणावर लिहिताना शंकराचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, खोट्यापासूनही खरा परिणाम घडतो: विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेने माणूस मरू शकतो, आणि स्वप्नातला सर्पदंश खोटा ठरला तरी स्वप्न पडल्याचे ज्ञान जागेपणी खोटे ठरत नाही.

व्हीआरचे जे व्यावहारिक उपयोग आज निर्विवाद ठरले आहेत, ते सगळे ह्याच सूत्रात बसतात. उंचीची धास्ती घेतलेल्या माणसाला यंत्रातल्या कठड्याशी हळूहळू उभे करीत नेले की खऱ्या गच्चीवरचीही धास्ती उतरते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्या रोग्यांसाठी बर्फाच्या दरीचे एक आभासी जग रचले. जखमेची मलमपट्टी चालू असता रोगी त्या दरीत बर्फाचे गोळे फेकीत राहतो आणि त्याला वेदना कमी जाणवतात. गोळे खोटे, बर्फ खोटे, आणि आराम मात्र खरा. ज्या शहराच्या वेशीशी कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही की, आग विझविण्याचे शिक्षण खऱ्या आगीत देता येत नाही आणि कोरड्या व्याख्यानानेही ते पुरे होत नाही. तेथे खोटी आगच कामाची.

ह्या यंत्राच्या भावंडाची, म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटीची, गोष्ट थोडी वेगळी पडते. व्हीआर खरे जग डोळ्यांआड करून दुसरे मांडते, म्हणून ते स्वप्नाच्या जातीचे. हे दुसरे तंत्र खऱ्या जगाला जागच्या जागी ठेवून त्याच्यावर काहीतरी चढविते. वेदान्ती ज्याला अध्यास म्हणतात तो हाच प्रकार, पण त्यातही दोन तऱ्हा आहेत. दोरी ओळखली की साप नाहीसा होतो. परंतु स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले असता स्फटिक पांढरा आहे हे पक्के ठाऊक असूनही तो तांबडाच दिसत राहतो, आणि फूल उचलल्यावाचून ती तांबडाई जात नाही. फोनच्या पडद्यावरचे चढविलेले चित्र ह्या दुसऱ्या तऱ्हेचे. ते खोटे आहे हे पाहणारा जाणतो, तरी यंत्र खिशात घालीपर्यंत ते जात नाही. 2016 साली ‘पोकेमॉन गो’ नावाच्या खेळाचे वेड पसरले, तेव्हा गुजरातच्या हायकोर्टात एक जनहित याचिका दाखल झाली: ह्या खेळात हिंदू व जैन मंदिरांच्या जागी अंडी दिसतात, त्यामुळे भाविकांच्या भावना दुखावतात, सबब बंदी घालावी. कोर्टाने नोटिसा काढल्या. वर्तमानपत्रवाचकांपैकी पुष्कळांना तेव्हा हसू आले असेल, पण शास्त्रार्थाच्या दृष्टीने फिर्याद मुळीच क्षुल्लक नव्हती. जे अंडे कोठेच नाही त्याने मंदिर विटाळते काय? मृगजळाने वाळवंट भिजत नाही हे आचार्यांचेच उत्तर घेतले तर मंदिर शुद्धच राहिले. परंतु त्या नसलेल्या अंड्यासाठी जी पोरे फोन पुढे धरून मंदिराच्या प्रांगणात शिरतील ती खरी, त्यांचा गोंगाट खरा, आणि त्यांच्या पायांतल्या चपलाही खऱ्या. एवढ्या भागापुरता मामला व्यावहारिक अंमलात येतो आणि तेथे पुजाऱ्याची तक्रार ऐकून घेणे भाग आहे.

आता दर्शनाकडे वळतो. माझ्या एका स्नेह्याच्या दांडिया बाजारातील घरी त्यांच्या वृद्ध मातोश्रींसाठी नातवाने हा हेडसेट आणला होता. मांडीचे हाड मोडल्यापासून त्या खाटेवर होत्या. यंत्र चढविल्यावर त्यांनी प्रथम डोक्यावरचा पदर सारखा केला, मग हात जोडले आणि मान डावी-उजवीकडे वळवून सभामंडप न्याहाळू लागल्या. पडद्यावरचा पुजारी निरांजन घेऊन पुढे आला तेव्हा त्यांनी सवयीने दोन्ही तळहात ज्योतीवर धरले आणि डोळ्यांकडे नेले. ते हात यंत्राच्या पुढच्या भागावर आपटले. थोड्या वेळाने, डोके दुखते म्हणून, त्यांनी ते काढावयास सांगितले. कसे वाटले, असे नातवाने विचारल्यावर म्हणाल्या, “छान आहे रे. गर्दी केवढी दिसली, पण धक्का म्हणून कोणाचा लागला नाही!” ह्यात तक्रार किती होती आणि समाधान किती, हे मला तेव्हाही ठरविता आले नाही.

डोके दुखण्याचे कारण मात्र सांगता येते. प्रत्येक डोळ्यापुढे एक चिमुकला पडदा आणि त्याच्यापुढे भिंग अशी ह्या यंत्राची रचना असते, आणि भिंगामुळे ते चित्र सामान्यतः दीड-दोन मीटरांच्या ठरीव अंतरावर असल्यासारखे डोळ्यातील नेत्रमण्याला भासते. ज्योत जवळ आली की दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात, परंतु नेत्रमण्याला आपला घाट बदलावयाची मुभा नसते, कारण चित्र आहे तेथेच आहे. जन्मभर जी दोन कामे डोळ्यांनी जोडीने केली त्यांची अशी ताटातूट झाली की शीण येतो. तसेच डोळे म्हणतात आपण चाललो आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण बसलो आहोत, ह्या विसंवादातून मळमळ उपजते. 1968 साली आयव्हन सदरलँड ह्यांनी छताला टांगलेले असले पहिले अवजड यंत्र केले, तेव्हापासून आजवर ते पुष्कळ हलके झाले आणि चित्र पुष्कळ स्वच्छ झाले. तरी ज्योतीची धग, कापराचा वास, ओल्या फरशीचा गारवा ह्यांचा त्यात अद्याप पत्ता नाही. पुढेमागे ह्यांचीही सोय होईल असे गृहीत धरूनच आपण विचार करावा हे बरे. यंत्राच्या आजच्या उणिवांवर बांधलेला युक्तिवाद उद्याच्या सुधारणेबरोबर कोसळतो.

युक्तिवाद बांधावयाचा तर तो पंढरपूरच्या रिवाजावर बांधावा. तेथे देवस्थानाने दोन रांगा केल्या आहेत, मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची. पहिलीत माणूस विठ्ठलाला दुरून पाहून पुढे सरकतो, दुसरीत तासन्‌तास उभा राहून अखेर त्याच्या पायांवर डोके टेकवितो. ज्याला आत जाणेच जमले नाही त्याच्यासाठी कळसदर्शन आहेच आणि नामदेवाची पायरी आहे. ही उतरंड पाहिली म्हणजे ध्यानात येते की, दर्शन एक तर होते किंवा होत नाही अशी दोनच खान्यांची मांडणी आपल्या परंपरेने कधी केली नाही. तिने पायऱ्या मानल्या, आणि खालच्या पायरीवरच्याला हिणवले नाही. पण पायऱ्या एकसारख्या आहेत असेही तिने म्हटले नाही. 2024 मध्ये गाभाऱ्याच्या जतनकामासाठी पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मुखदर्शन चालू ठेवले होते, तेव्हा काहीतरी उणे पडले आहे हे वारकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आणि 2020 च्या आषाढीचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. साथीमुळे पायी वारी रद्द झाली होती. घरबसल्या विठ्ठल दिसत होता. तरीही आळंदी-देहूच्या पादुका एस.टी.च्या फुलांनी सजविलेल्या गाड्यांत बसवून पंढरीस नेण्यात आल्याच. दिसण्यानेच सारे भागत असते तर पादुका नेण्याचे कारण काय होते? संत तर शतकांपूर्वीचे. पण त्यांची पावले प्रत्यक्ष भूमीवरून त्या गावात शिरली पाहिजेत, मग चाके का लागेनात, असा तो आग्रह होता.

ह्यावर सुशिक्षित माणूस एक चांगला आक्षेप घेऊ शकेल. तुमच्याच परंपरेत मानसपूजा आहे. तिच्यात रत्नांचे आसन, गंगेचे स्नान, चाफ्याची फुले, सारे काल्पनिक असते, आणि शंकराचार्यांच्या नावावर त्या विषयाचे स्तोत्रही प्रसिद्ध आहे. कल्पनेतले फूल देवाला चालते तर पडद्यावरचे का चालू नये? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर फुलाच्या खोटेपणात सापडावयाचे नाही, कारण दोन्ही फुले सारखीच खोटी. फरक घडविणाऱ्यात आहे. मानसपूजा करणाऱ्याला प्रत्येक पाकळी स्वतः उभी करावी लागते. मन निसटते, आसन विरते, अर्घ्य द्यावयाचे राहून गेले हे आठवते, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जो खटाटोप होतो तीच त्याची सेवा. यंत्रात हा खटाटोप दुसऱ्या कोणी, पगार घेऊन, आधीच करून ठेवलेला असतो. भक्ताला पाहण्यापलीकडे काही उरत नाही. तसबिरीवर कुंकू लावावयास काच होती. ह्या चित्राला कुंकू लावावे तर ते यंत्राच्या प्लास्टिकला लागते.

म्हणून माझे मत असे की, हेडसेटमधील दर्शन हे कळसदर्शनाच्या पायरीचे आहे, आणि खाटेवरच्या म्हातारीला त्या पायरीपर्यंत नेऊन पोहोचविणे हे काही लहान पुण्य नव्हे; मात्र ज्याचे पाय धड आहेत त्याने वेळ वाचविण्यासाठी ते पत्करले तर त्याने वाचविली ती सेवाच. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन करून जग हा चैतन्याचाच विलास ठरविला, आणि अरविंदही मजुमदारांच्या वाड्यातील त्या पोकळ जगावर थांबले नाहीत. त्याच महिन्यात मुंबईच्या सभेत ते मन रिते असतानाच बोलले; श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, बोलणे आपोआप येईल, असे लेल्यांनी त्यांना सांगून ठेवले होते. पुढे वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात काढल्यावर, 1909 च्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या भाषणात, तुरुंगाच्या भिंती, गज, कैदी ह्या सर्वांत वासुदेवच दिसल्याचे त्यांनी सांगितले. पोकळ झालेले जग त्यांना देवाने भरून परत मिळाले. यंत्रातले जग असे परत मिळावयाचे नाही, कारण त्यात आधी मांडून ठेवल्यापलीकडे काहीच नसते. गजाला हात लावला तर गज नाही, आणि कैद्याशी बोलावे तर तो ठरलेली दोन वाक्ये बोलतो.

एक गोष्ट मात्र ह्या यंत्रात आहे, आणि तिच्याकडे देवस्थानच्या विश्वस्तांचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही. मूर्तीच्या प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा विधी असतो. त्यानंतर मूर्ती नुसती पाहिली जात नाही, तर पाहूही लागते, आणि भाविक देवळात जातो तो जितका पाहण्यासाठी तितकाच पाहिले जाण्यासाठी. पडद्यावरचा विठ्ठल कोणाकडे पाहत नाही. परंतु नव्या हेडसेटांपैकी कित्येकांच्या आतल्या बाजूस डोळ्यांवर रोखलेले कॅमेरे असतात, आणि माणसाची नजर कोठे किती वेळ स्थिरावली ह्याची क्षणाक्षणाची नोंद त्यांना ठेवता येते. म्हणजे खाटेवरची म्हातारी देवाच्या पायांवर किती वेळ थांबली, दागिन्यांकडे किती वेळा वळली आणि दानपेटी दिसताच तिची नजर सरकली की काय, ह्याचे दप्तर कोणा कंपनीजवळ जमा होऊ शकते. ज्या नजरेची नोंद आजवर फक्त चित्रगुप्ताच्या वहीत होत असे तिचा असा हवाला परस्पर तिसऱ्याकडे जाणे कोणत्याही पंथाला मान्य होण्यासारखे नाही. ह्यावर शास्त्रार्थ करीत बसण्यापेक्षा, दर्शनाची सोय करून देणाऱ्या ठेकेदाराशी होणाऱ्या करारनाम्यातच, भाविकाच्या दृष्टीची कोणतीही नोंद घेतली जाणार नाही व घेतल्यास दर्शन संपताच ती नष्ट केली जाईल, असे कलम विश्वस्तांनी स्वतः होऊन घालावे; आणि ठेकेदार त्याला राजी नसेल तर त्याची यंत्रे देवळाच्या दरवाजातूनच परत पाठवावीत.